1:200 च्या मॉडेलवर एआर: निर्णयासाठी की नुसतं दाखवायला?

काटकोन:
एआरमध्ये (ऑगमेंटेड रिअॅलिटी, म्हणजे कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर डिजिटल इमारत बसवणं) साइट मॉडेलवर टॅबलेट धरून मासिंगचे, म्हणजे इमारतींच्या ढोबळ आकारांचे, पर्याय दाखवतात, ते दाखवण्यापुरतं ठीक. त्यावर सामासिक अंतर (इमारत आणि प्लॉटची हद्द यांतली मोकळी जागा) ठरवू नये. कोपऱ्यातल्या एकुलत्या मार्करचा (कॅमेरा जागा ओळखतो ते छापील चित्र) कोन अर्ध्या अंशाने चुकला, तर 600 मिमीवरच्या टोकाला डिजिटल इमारत 5 मिमी सरकते. प्रत्यक्षात एक मीटर!

फोमबोर्ड:
एकाच मार्करवर भिस्त ठेवली तर दुसरं काय होणार? चार कोपऱ्यांत चार वेगवेगळी चित्रं लावा आणि त्यांच्यातली अंतरं बेसबोर्डवर (मॉडेलच्या तळफळीवर) पट्टीने मोजून सॉफ्टवेअरमध्ये भरा. ड्रॉइंगमधली नकोत, कापताना फरक पडतोच. मग 600 मिमीत अर्धा मिमी चुकला तरी कोन जेमतेम 0.05 अंशाने हलतो. छपाई मॅट कागदावर. ग्लॉसीवर दिवा चमकला की ट्रॅकिंग सुटतं, म्हणजे कॅमेऱ्याला मार्कर सापडत नाही. आणि सर्व्हेचे लाखांतले निर्देशांक तसेच आणू नका, इमारत थरथरते. ओरिजिन (शून्य बिंदू) बेसबोर्डच्या कोपऱ्यावर घ्या.

काटकोन:
बरं, कोनाचा प्रश्न सुटला. पण मागची डिजिटल इमारत पुढच्या खऱ्या ठोकळ्यावर चढून बसते, त्याचं काय? उंचीची तुलना तिथेच फसते. टॅबलेटच्या लायडारला (लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरला) एवढ्या बारीक कडा नीट पकडता येत नाहीत.

फोमबोर्ड:
लायडार हवाय कशाला? खऱ्या मॉडेलची डिजिटल प्रत फाइलमध्ये ठेवा आणि तिला रंग न उमटवता फक्त डेप्थ (कॅमेऱ्यापासूनचं अंतर) लिहिणारं मटेरियल द्या. प्रत दिसत नाही, पण मागचं झाकते. लेझर कटिंगच्याच फाइलवरून केली तर कडा जुळतात. हाताने कापलेल्या मॉडेलला कडेने फट दिसते.

काटकोन:
आणि कोणी ठोकळा उचलून दुसरीकडे ठेवला की? प्रत जुन्याच जागी! हाताने हलवता येत नसेल तर मॉडेल करायचं कशाला?

सावली:
हे कोडं जुनं आहे. एमआयटीच्या ‘अर्प’ या टेबलावरच्या नगररचना प्रणालीत (1999) ठोकळ्यांवर ठिपके होते, ते ओळखायला वरून कॅमेरा आणि सावली दाखवायला प्रोजेक्टर. ठोकळा सरकवला की टेबलावरची सावलीही सरकायची, हातात स्क्रीन नाही. मला एआर सावली आणि वाऱ्यासाठीच पटतं. मासिंगला फोम कापणं लवकर होतं.

काटकोन:
वरून प्रोजेक्टर म्हणजे उंच ठोकळ्याची स्वतःची सावलीही पडणार, ती कुठली खरी? सावली टॅबलेटवरच बघू, पण आधी चाचणी. मार्करपासून सर्वांत लांब 20 मिमीचा खरा घन ठेवा, त्यावर डिजिटल घनाच्या कडा बसवा आणि टॅबलेट चारही बाजूंनी फिरवा. 1 मिमीहून जास्त सरकला, तर त्या दिवशी अंतरांवर बोलायचं नाही.

फोमबोर्ड:
1:200 ला 1 मिमी मान्य. 1:500 ला तोच 1 मिमी अर्धा मीटर होतो, तिथे मीही अंतरांसाठी एआर वापरणार नाही.