डॅशहंडचं पिल्लू: पाठीसाठी काय तपासायचं?

दादरकर: मिनिएचर डॅशहंडचं पिल्लू घ्यायचं चाललंय. इमारत जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ब्रीडर म्हणतो, आईबापांची डीएनए टेस्ट 'क्लिअर' आहे, पाठीचा त्रास होणार नाही. विश्वास ठेवावा का?

मागचे_पाय: रिपोर्ट हातात घ्या आणि टेस्ट कशाची आहे ते वाचा. बहुतेक वेळा डोळ्यांच्या पीआरएची (डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होण्याच्या आजाराची) निघते. मणक्यातली गादी लवकर वाळवणारी एफजीएफ4 जनुकाची जादा प्रत 12व्या गुणसूत्रावर असते, पण ती जवळजवळ प्रत्येक डॅशहंडमध्ये आहे. त्यामुळे या जातीत त्या टेस्टवरून निवड होतच नाही. उपयोगी पडतो तो आईबापांच्या पूर्ण मणक्याचा एक्स-रे, वय 24 ते 48 महिने असताना काढलेला. त्यात चुना धरलेल्या गाद्या मोजतात. जितक्या कमी तितकं बरं. एक्स-रे नसेल तर आजीआजोबांची चौकशी करा. गादी सरकते ती साधारण 3 ते 7 वर्षांच्या वयात, म्हणजे दोन वर्षांची आई टुणटुणीत दिसली म्हणून काहीच सिद्ध होत नाही. आणि आईबाप दोघेही डॅपल (अंगावर फिकट-गडद छपके असलेले) असतील तर पिल्लू नकोच. चारातल्या एकाला दुहेरी डॅपल, म्हणजे ते जनुक दोघांकडूनही, यायची शक्यता, आणि अशी पिल्लं आंधळी, बहिरी निघू शकतात.

परळकडचा: जिन्याने आजार होत नाही, गादी आधीच वाळलेली असते. तरी तीन मजले उचलूनच न्या: एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ आडवी. काखेत हात घालून लोंबकळवू नका. गुळगुळीत लादीवर रबरी मॅट, पट्ट्याऐवजी हार्नेस. वजन वाढू देऊ नका, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत.

पाठ कमानीसारखी झाली, उचलताना ओरडला, तर त्याच दिवशी डॉक्टर आणि पिंजऱ्यात किमान चार आठवडे विश्रांती. औषधाने दुखणं थांबलं की लोक मोकळं सोडतात, तिथेच गादी पुन्हा फुटते. घरात उरलेलं मेलॉक्सिकॅम (वेदनाशामक) आणि स्टेरॉइड एकत्र देऊ नका, पोटात अल्सर होतो. मागचे पाय ओढायला लागला तर थांबू नका. मज्जारज्जूवरचा दाब साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय किंवा सीटी लागतं. आपल्या भागात ते आणि मणक्याचं ऑपरेशन कोण करतं, हे पिल्लू आणायच्या आधीच फोन करून विचारून ठेवा. लघवी होत नसेल तर दिवसातून तीन-चार वेळा मूत्राशय दाबून रिकामं करावं लागतं. ते डॉक्टरांसमोर शिकून घ्या.

दादरकर: पायात जाणीव उरली आहे का, हे घरी कळतं?

मागचे_पाय: अंदाज येतो. बोट जोरात चिमटल्यावर पाय आखडला, एवढ्याने समाधान मानू नका, ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असते. कुत्र्याने मान वळवली किंवा ओरडला तरच जाणीव आहे. ती असताना ऑपरेशन झालं तर बहुतेक कुत्री पुन्हा चालतात. गेल्यावर शक्यता साधारण निम्म्यावर येते, म्हणून शंका असली तरी सकाळची वाट बघत बसू नका.