१६ मिमी रिळांना व्हिनेगरचा वास येतोय, काय करावं?

प्रश्न: संस्थेच्या कपाटात १९७०च्या दशकातली १६ मिमी ॲसिटेट (एक प्रकारचं प्लास्टिक) फिल्मची रिळं आहेत. डबा उघडताच आंबूस, उग्र वास येतो. प्रोजेक्टरवर एकदा चालवून बघावीत का?

उत्तर १: अजिबात नको! उष्णता आणि दमटपणाने ॲसिटेट विघटित होऊन ॲसिटिक आम्ल सुटतं, आणि तेच आम्ल विघटनाचा वेग वाढवतं. घट्ट डब्यात आम्ल कोंडतं, म्हणून हवा खेळेल असे पॉलिप्रॉपिलीनचे डबे घ्या. वासाची रिळं आजच वेगळ्या खोलीत हलवा. प्रत्येक डब्यात ए-डी पट्टी (आम्लाने रंग बदलणारा कागद) ठेवा: निळी राहिली तर ठीक, हिरवट होऊ लागली तर विघटनाची सुरुवात, पिवळी झाली तर स्कॅनिंगला पहिला नंबर.

उत्तर २: फिल्म किती आकसली, म्हणजे आकुंचनही मोजा. प्रिंटवर (प्रोजेक्टरवर दाखवायच्या प्रतीवर) कडेच्या लागोपाठच्या १०० छिद्रांचं अंतर ७६२ मिमी हवं. ७५४ भरलं तर सुमारे १ टक्का आकुंचन. दातेरी चाकावर छिद्रं फाटतील. बिनदाती स्कॅनरच हवा.

प्रश्नकर्ता: स्कॅन कशात ठेवू?

उत्तर १: किमान २के (सुमारे २००० पिक्सेल रुंदी), एफएफव्ही१ (दर्जा न घटवणारा व्हिडिओ प्रकार) मध्ये, चेकसमसह (फाइल बदलली नाही ना हे तपासायचा आकडा). तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी. मूळ रीळ मात्र टाकू नका, ते थंड आणि कोरड्या जागी जपा.