मदत हवी आहे: रिसेल फ्लॅट घेण्याआधी तपासणी करून घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

डोंबिवली पूर्वेला रिसेलचा वन बीएचके बघितलाय. इमारत २८ वर्षांची, चार मजली, फ्लॅट तिसऱ्यावर. स्टेशन चालत दहा मिनिटं, किंमत आवाक्यातली. आईची तर देवघराची जागाही ठरवून झाली. टोकन अजून दिलेलं नाही.

अडलंय एका भिंतीपाशी. सगळं घर जुन्या रंगाचं, पण बेडरूमची बाथरूमला लागून असलेली भिंत तेवढी ताज्या रंगाची. हात लावला तर गार. मालक म्हणाले, मुलीच्या लग्नात रंग काढला होता. एकाच भिंतीला? एजंट रोज फोन करतोय, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणून.

आमच्या ह्यांचं म्हणणं, बँकेचा माणूस येऊन बघतोच, वेगळे पैसे कशाला? मला पटत नाही. इंजिनिअर नेला तर तो नेमकं काय बघतो? मालकाला न दुखावता कसं विचारायचं? आणि ओल निघालीच तर भाव पाडून मागायचा की सरळ सोडून द्यायचं?

गवंडीकट्टा:
ताई, बँकेचा व्हॅल्युअर कर्जाला तारण पुरतंय का ते बघतो. तो नळ सोडून बसत नाही.

ओल भिंतीच्या पायथ्याला असेल तर बहुतेक तुमच्याच बाथरूमची. छताकडून उतरत असेल तर चौथ्या मजल्याची. सनकेन स्लॅबमधला (बाथरूमच्या फरशीखालच्या खोलगट स्लॅबमधला) कोबा, म्हणजे भराव, एकदा पाणी प्यायला की वरून नुसत्या फटी भरून काही होत नाही, फरशी उखडावी लागते. खात्री करायची तर जाळी बोळ्याने बंद करून बाथरूममध्ये दोन इंच पाणी २४ तास साठवायचं आणि खालच्यांचं छत बघायचं. मालक एवढं करू देणार नसेल तर खालच्या घरी सहज ओळख काढायला जा. ते न विचारता सगळं सांगतील!

इंजिनिअरकडे ओल मोजायचं मीटर असतं, ताज्या रंगाखालची ओलही त्यावर बहुतेक कळते. तो अर्थिंग बघेल, फरशा ठोकून पोकळ आवाज येतो का ते बघेल. पण तुम्ही स्वतः पार्किंगमधले कॉलम बघा, तिथे सहसा कोणी पुट्टी मारत नाही. प्लास्टरच्या केसासारख्या भेगांना घाबरू नका. सळईच्या रेषेत उभी भेग आणि तिच्यातून तांबूस डाग दिसला तर मात्र आतलं लोखंड गंजून फुगलंय.

सचिव_एकेकाळचा:
सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागा. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढे दर ३ वर्षांनी करायचं असतं. मोठ्या दुरुस्तीच्या वर्गणीचा ठराव झालाय का तेही विचारा, नाहीतर गृहप्रवेशाला हातात पहिलं तेच बिल. गच्चीची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीची, पण आपल्या संडास-बाथरूमची गळती सभासदाच्या खर्चाने. म्हणजे उद्या तुमच्या.

रेरा कायद्यातली (नव्या बांधकामांसाठीचा कायदा) बिल्डरची दोष दुरुस्तीची जबाबदारी ताब्यापासून ५ वर्षांची, इथे तिचा उपयोग नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न कळणारा मोठा दोष त्याने सांगायलाच हवा. पण त्याला माहीत होतं हे कोर्टात सिद्ध कोण करणार? त्यापेक्षा टोकनच्या पावतीवरच लिहून घ्या: तपासणीत गळती निघाल्यास पैसे परत.

श्रावणसर:
मी जानेवारीत घर बघितलं. जुलैत कळलं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. काल खालच्या काकूंकडे गेले. त्यांनी आधी बाथरूम दाखवलं, चहा नंतर. छताचे पोपडे सुटलेत, खाली बादली कायमची. चार वर्षं वर सांगतायत म्हणे.

मालकांना फोन केला तर म्हणाले, "किरकोळ आहे, करून देतो." मी म्हटलं, फरशी उखडून करा, आमच्या इंजिनिअरसमोर पाणी साठवून दाखवा, मग टोकन. रविवारी इंजिनिअर येतोय. त्याचा नंबर ह्यांनीच मिळवला. एजंटचा फोन मात्र कालपासून नाही.