मे महिन्यात वाळणारी ब्राह्मी
कुंडीतली ब्राह्मी मे महिन्यात वाळते, असा प्रश्न एकाने विचारलाय. आधी पान बघा. गोलसर, लांब देठाचं, कातरलेल्या कडेचं असेल तर ती मंडूकपर्णी, म्हणजे वेगळीच वनस्पती. नर्सरीत ती आणि जलब्राह्मी, दोन्ही ब्राह्मी म्हणूनच विकतात. जलब्राह्मीची पानं समोरासमोर, बिनदेठाची, जाडसर, नखाएवढी.

जलब्राह्मी तळ्याकाठची, म्हणून खोल कुंडीऐवजी बिनभोकाचं पसरट प्लास्टिकचं घमेलं घ्या (लोखंडी नको, आपल्या नागपुरी उन्हात मुळं उकडतात). नुसती काळी माती सुकली की भेगाळते, पेरांवरची मुळं तुटतात. निम्मी वाळू-शेणखत मिसळा. ८-१० सेंमीच्या फांद्या, दोन पेरं मातीत. वर बोटभर पाणी, आठवड्याच्या आत बदलायचं, नाहीतर डास. दुपारी सावलीसाठी हिरवी नेट हवीच.

नागपुरातल्या सांडपाण्याच्या नाग नदीकाठची मात्र खायला आणू नका, ही वनस्पती पाण्या-मातीतले जड धातू शोषते.