गरवणारे आणि वल्हवणारे एकाच मंडळात कसे नांदतील?

मावळकाठ

नमस्कार. मावळातील एका जलाशयाच्या काठी तीन वर्षांपूर्वी आम्ही आठ जणांनी गरवण्याच्या, म्हणजे गळाने मासे पकडण्याच्या, हौसेपोटी एक मंडळ सुरू केले. रविवारी पहाटे गळ टाकून बसायचे, दुपारी झाडाखाली शिदोरी सोडायची आणि ऊन उतरले की घरी परतायचे, एवढाच तेव्हाचा कार्यक्रम होता. पुढे कोणी दोन कयाक आणले, कोणी वल्ह्यांची जुनी होडी दुरुस्त करून दिली, आणि आज मंडळात 46 कुटुंबे आहेत. संख्या वाढल्याचा आनंद आहेच, पण तिच्याबरोबर आलेले ताण आता झाकण्यासारखे राहिलेले नाहीत.

गरवणाऱ्यांचे म्हणणे असे की, होडी जवळून गेली की तासभर आमिष टाकून जमवलेला मासा पांगतो. होडीवाले म्हणतात की, तंगूस, म्हणजे गळाची बारीक दोरी, कुठे ताणलेला आहे हे पाण्यावरून दिसतच नाही, आणि गेल्या हिवाळ्यात आमच्याच एका सभासदाच्या मुलाच्या दंडात गळ रुतला तो त्यामुळेच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सगळे व्यवहार थंडावतात आणि वर्गणीही नेमकी त्याच काळात थकते. शिवाय या पाण्यावर मच्छीमार सहकारी संस्थेचा ठेका आहे. तिच्या सभासदांशी आमचे भांडण नाही, पण बोलणेही नाही. येत्या वर्धापनदिनी जलाशयात महाशीर माशाची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडावीत असा एक प्रस्ताव आला असून तो बहुतेकांना आवडला आहे.

ज्यांनी अशा मंडळांत वर्षे काढली आहेत, त्यांनी वर्षभराचे कार्यक्रम कसे आखावेत आणि या दोन गटांना एकत्र कसे ठेवावे, याविषयी आपला अनुभव सांगावा ही विनंती.

जुना गळकरी

मावळकाठ, आपण प्रश्न मोकळेपणाने मांडलात म्हणून सविस्तर लिहितो.

नोकरीच्या काळात मी बरीच वर्षे पवईच्या काठी गळ टाकला. हा तलाव 1891 मध्ये मुंबईला पाणी पुरवण्यासाठी बांधला गेला, पण त्याचे पाणी पिण्याजोगे ठरले नाही, आणि पुढे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनमुळे तो हौशी गळकऱ्यांचा तलाव म्हणून ओळखला जाऊ लागला. तिथे मी जे पहिले शिकलो ते मासे पकडण्याचे तंत्र नव्हते, तर जागा धरण्याची शिस्त होती. शेजारी बसलेल्याच्या दोरीवरून आपली दोरी जाऊ द्यायची नाही, त्याच्या गळाला मोठा मासा लागला की आपला गळ आवरून त्याला वाट द्यायची, आणि त्याच्या हातात जाळी नसेल तर न बोलावता आपली घेऊन जायचे. या गोष्टी कुठल्या नियमावलीत वाचून येत नाहीत. जुन्या माणसाशेजारी नव्या माणसाला बसवले तरच त्या येतात, आणि म्हणून प्रत्येक नव्या सभासदाला पहिले तीन महिने एका अनुभवी गळकऱ्याच्या हाताखाली द्यावे असे मी सुचवेन.

होड्यांचा प्रश्न वेळेने आणि जागेने सुटतो. पहाटेपासून नऊपर्यंतचे पाणी आणि सायंकाळचा शेवटचा तास गरवणाऱ्यांसाठी ठेवावा, मधला वेळ वल्हवणाऱ्यांना द्यावा. मासा बहुधा सकाळ-सायंकाळच आमिषाला येतो, त्यामुळे यात गळकऱ्यांचे काहीच जात नाही. काठाचा एक भाग होड्या उतरवण्यासाठी राखून तिथे कोणीही गळ टाकू नये. दंडात गळ रुतल्याचे वाचून वाईट वाटले. काट्याचा उलटा दात पक्कडीने दाबून सपाट केला, तर माणसाला लागलेला गळही सहज निघतो आणि माशाच्या तोंडातलाही. आमच्या गटात दाताचा गळ वापरायला कोणालाच परवानगी नव्हती.

मासा परत सोडायचा असेल तर हात ओले करूनच त्याला धरावे, कोरड्या वाळूवर टाकू नये, आणि छायाचित्रासाठी त्याला पाण्याबाहेर ठेवायचे तर आपण स्वतः जेवढा वेळ श्वास रोखू शकतो त्याहून अधिक नाही. एक वही जरूर ठेवावी. तारीख, पाण्याची पातळी, आमिष, माशाची जात, लांबी आणि मासा सोडला की नेला, एवढे लिहिले तरी पुरे. पाच वर्षांनी ती वही तुमच्या मंडळाची सर्वांत मोलाची मालमत्ता ठरेल.

आता बोटुकल्यांविषयी, आणि इथे मी जरा आग्रहाने लिहितो आहे. आपण ज्याला खडशी म्हणतो त्या दख्खनी महाशीरचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून केले, आणि त्याच्या शास्त्रीय नावातला ‘खुद्री’ हा शब्द इथल्याच लोकांच्या बोलीतून आला. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकापासून या माशाच्या प्रजननाचे मोठे काम केले. मात्र हीच खडशी पुढे दूरच्या कावेरीत सोडली गेली, तिथे ती फोफावली, आणि तिथला मूळचा उंच पाठीचा महाशीर मागे पडत गेला. आज तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे, आणि त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत बाहेरून सोडलेल्या या माशाचाही समावेश केला जातो. ज्यांनी मासे सोडले त्यांचा हेतू चांगलाच होता, हे लक्षात घ्यावे.

तुमचा जलाशय भीमेच्या खोऱ्यात असल्यामुळे खडशी तिथे परकी नाही. तरीही बीज, म्हणजे सोडायची पिल्ले, कुठून आणले आहे हे ठाऊक नसताना, आणि मत्स्यव्यवसाय विभागाला व ठेकेदार संस्थेला न विचारता, एकही पिशवी पाण्यात उघडू नये. खडशी साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाही. तिला पावसाळ्यात वरच्या ओढ्यांतले वाहते पाणी आणि खालचे दगडगोटे लागतात. तेव्हा बोटुकली विकत आणण्यापेक्षा जलाशयाला मिळणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी पावसाळ्यात कोणी गळ किंवा जाळे टाकणार नाही एवढे पाहिलेत, तर त्या माशावर अधिक उपकार होतील. महाडजवळ वाळणकोंडच्या डोहातले मासे वरदायिनी देवीचे मानून गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखले, ते कोणी बीज सोडल्यामुळे नव्हे.

संगमावरचा वल्हेकरी

मी पुण्यात वल्हवायला शिकलो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो. इथल्या पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, म्हणजे आताच्या सीओईपी विद्यापीठाच्या, बोट क्लबचा रेगाटा, म्हणजे होड्यांचा वार्षिक सोहळा, 1928 पासून मुळेच्या पात्रात होत आला आहे. तो ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल की, त्यात शर्यतींपेक्षा सामूहिक रचनांनाच गर्दी अधिक होते. कयाकचे बॅले किंवा पंटांच्या, म्हणजे सपाट तळाच्या होड्यांच्या, रचना पाहायला काठावर आईवडील, जुने विद्यार्थी आणि शेजारपाजारचे लोक दाटीवाटीने बसतात. मंडळ टिकते ते अशा एखाद्या दिवसामुळे, कारण त्याच्या तयारीसाठी आधीचे दोन-तीन महिने सगळ्यांना वारंवार एकत्र यावे लागते. आपल्याकडे दोनच कयाक आणि एक होडी असली तरी डिसेंबरच्या एखाद्या रविवारी मुलांची, जोडप्यांची आणि साठीच्या पुढच्यांची अशा लहान शर्यती ठेवता येतील, आणि त्या दिवशी पंचाचे काम गरवणाऱ्यांकडे द्यावे.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र तडजोड नको. तरंगजाकीट घातल्याशिवाय काठापासून एक हातही पुढे जायचे नाही, मग तो पट्टीचा पोहणारा का असेना. होडीत बसण्यापूर्वी प्रत्येकाची पोहण्याची चाचणी घ्यावी. काठावर फळा लावून कोण किती वाजता पाण्यात उतरला आणि परतला हे लिहावे, आणि शेवटचे नाव पुसले जाईपर्यंत एका जबाबदार माणसाने काठ सोडू नये. मावळात दुपारनंतर खिंडीतून येणारा वारा मोकळ्या पाण्यावर बघता बघता लाटा उठवतो. जाताना हलकी वाटलेली होडी परतताना दोघांना आवरत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे.

पावसाळ्यात मंडळ झोपू देऊ नका. होड्या उलट्या करून खरवडणे, फटी भरणे, रंग देणे, वल्ह्यांचे पट्टे बदलणे, दोरांच्या गाठी शिकवणे, बुडालेल्याला प्रथमोपचार कसा द्यावा याचा सराव करणे, ही सगळी कामे जून ते सप्टेंबर याच काळातली आहेत. मुलांना सांगायला आपल्याकडे गोष्टही आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ विहिरी खोदण्याचे काम करत होते, सैन्यात गेल्यावर त्यांनी वल्हे हाती घेतले, आणि 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी नौकानयनात ते तेरावे आले. पुढे 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेने सुवर्णपदक जिंकले, तीतही ते होते.

भीमाकाठचा भोई

वर सगळे छान लिहिले आहे. मी मच्छीमार संस्थेच्या सभासदाचा मुलगा आहे, म्हणून आमच्या बाजूचे थोडे सांगतो.

आपण म्हणता की भांडण नाही, पण बोलणेही नाही. आमच्याकडे न बोलणे म्हणजे राग गिळलेला असतो. संस्था ठेक्याची रक्कम भरते, कटला, रोहू आणि मृगळ यांचे बीज विकत आणून सोडते, आणि ते विकण्याजोगे होईपर्यंत वाट पाहते. हौशी माणसाच्या गळाला लागलेला चार किलोचा कटला हा त्याला निसर्गाने दिलेला वाटतो. आमच्या घरात तो कोणाच्या तरी शाळेच्या फीचा भाग असतो. चिलापी कितीही न्या, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढणार नाही. पण कटला, रोहू, मृगळ हे मोठे कार्प सोडून द्यावेत किंवा संस्थेला वजनाप्रमाणे पैसे द्यावेत, असे लेखी ठरवा. मंडळाने वर्षाला एक ठरावीक रक्कम बीजखरेदीसाठी दिली तर त्याहून उत्तम.

दुसरे जाळ्यांचे. आमची जाळी संध्याकाळी लागतात आणि पहाटे उचलली जातात. अंधुक उजेडात कयाकचे वल्हे जाळ्यात अडकले तर जाळे फाटते, आणि कयाकमधला माणूस घाबरून उलटण्याची भीतीही असते. कुठल्या बाजूला जाळी आहेत हे विचारायला एक फोन पुरतो. आणि विभागाची परवानगी घेऊनही कोणी हौसेने आफ्रिकन मांगूर आणत असेल तर त्याला तिथेच थांबवा. देशात त्याच्यावर 2000 पासून बंदी आहे आणि तो पाण्यातले काहीही शिल्लक ठेवत नाही.

एक गोष्ट मनापासून सांगतो. धरणात कोणी बुडाले की पोलीस पाटील सर्वांत आधी आमच्या वस्तीत येतो. माझ्या वडिलांनी पाण्याच्या तळातून किती जणांना बाहेर काढले, हे ते घरी कधी मोजत नाहीत. ज्या माणसांना त्या पाण्याचा तळ ठाऊक आहे, त्यांना आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात मानाने बोलवा. पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, कसा फेकावा, वाऱ्यावरून मासा कुठे सरकला असेल हे कसे ओळखावे, हे त्यांच्याकडून शिका आणि त्या दिवसाचे मानधन द्या.

काठावरची

माझे यजमान अशाच एका मंडळात आहेत, म्हणून एका गोष्टीकडे लक्ष वेधते. आपण 46 कुटुंबे म्हणालात, पण आपल्या प्रश्नात गरवणारे आहेत, वल्हवणारे आहेत आणि कुटुंबे मात्र कुठेच दिसत नाहीत. आमच्याकडे पहिली दोन वर्षे बायकांनी काठावर बसून पिठले-भाकरी करायची आणि मुलांवर लक्ष ठेवायचे, असाच दिवस जात असे. त्यामुळे तिसऱ्या वर्षी निम्म्या घरांतून कोणी येईनासे झाले, आणि पुरुष एकटे येऊ लागले तसे मंडळही विरळ झाले.

बदल झाला तो दोन साध्या गोष्टींनी. मंडळाने काठाजवळच्या शेतकऱ्याशी बोलून कपडे बदलायची बंदिस्त खोली आणि स्वच्छतागृह उभे केले, आणि स्वयंपाकाची पाळी सर्व सभासदांत लावली. त्यानंतर आम्ही सहा जणी वल्हवायला शिकलो. माझ्या सासूबाई वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कणकेच्या गोळ्यावर पहिला मासा गरवून घरी आल्या, तेव्हा त्यांनी आधी शेजारणींना हाक मारली आणि मग पाण्याचा तांब्या हातात घेतला.

मावळकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे छापून काल मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवली. बोटुकली सोडण्याचा ठराव एकमताने मागे घेतला आहे. त्याऐवजी वरच्या दोन ओढ्यांच्या तोंडाशी आषाढ-श्रावणात पाळीने राखण करायची असे ठरले, आणि त्यासाठी चौदा नावे तिथल्या तिथे आली.

भीमाकाठचे आपण लिहिले ते वाचून मी आज सकाळी एकट्यानेच संस्थेच्या अध्यक्षांच्या घरी गेलो. तीन वर्षांत मी त्यांच्या दारात पहिल्यांदाच उभा होतो, आणि ते मला मंडळातला माणूस म्हणून आधीपासूनच ओळखत होते. बीजखरेदीच्या रकमेचा विषय मी काढला, पण त्यावर संस्थेच्या सभेत बोलू असे त्यांनी सांगितले. त्यांनी स्वतःहून एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे आमच्या होड्या जिथे बांधतो ती जागा त्यांच्या जाळी सुकवण्याच्या वाटेवर असल्याने ती थोडी पूर्वेकडे सरकवावी. येत्या शनिवारी त्यांचे दोन आणि आमचे दोन सभासद होडीतून काठाला फेरी मारून जाळ्यांच्या, गळाच्या आणि होड्यांच्या जागा कागदावर मांडणार आहेत.

काठावरच्या ताईंना एक विचारायचे आहे. शेतकऱ्याच्या जागेवर खोली बांधताना भाडेपट्टा किती वर्षांचा केला होता, आणि तो मंडळाच्या नावे केला की एखाद्या सभासदाच्या?

काठावरची

पाच वर्षांचा, आणि मंडळाच्या नावे. त्यासाठी आधी मंडळाची संस्था म्हणून नोंदणी करून घ्यावी लागली, तेव्हा शनिवारच्या फेरीबरोबरच ते कामही हाती घ्या. खोलीचे दार पाण्याच्या बाजूला उघडेल असे ठेवा, म्हणजे आत असलेल्या बाईलाही मुले दिसत राहतात.