शब्दचर्चा: जठराच्या कॅन्सरच्या रिपोर्टमधले ‘इंटेस्टायनल’, ‘डिफ्यूज’ आणि ‘मार्कर’

पाटीपेन्सिल:
मावशीच्या बायोप्सीचा रिपोर्ट काल आला. ‘गॅस्ट्रिक ॲडिनोकार्सिनोमा, इंटेस्टायनल टाइप, हर-टू २+’. घरात असले रिपोर्ट माझ्याकडेच येतात. मी वाचलं आणि ‘आतड्याचा कॅन्सर’ असं सांगून मोकळी झाले. काका म्हणाले, “अगं, दुर्बीण तर जठरात घातली होती ना?” माझी बोलतीच बंद. मार्करला कोशात ‘चिन्हक’ सापडला, पण तो मावशीपुढे कसा उच्चारू? साधे शब्द सुचवा.

स्लाइडवाली:
मी पॅथॉलॉजीत आहे, रोज हेच बघते. ताई, मावशींच्या आतड्याचा इथे काही संबंध नाही. फिनलंडच्या पेक्का लॉरेन यांनी १९६५ साली जठराच्या कॅन्सरचे दोन मुख्य प्रकार मांडले. एकात पेशी आतड्यातल्या ग्रंथींसारख्या नळ्या करून वाढतात, तो इंटेस्टायनल. म्हणजे ‘आतड्यासारखा’. ‘चा’ आणि ‘सारखा’ एवढाच फरक, पण त्यावर घरं हादरतात. नाव उगाच पडलेलं नाही. पुष्कळदा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे जठराचं अस्तर वर्षानुवर्षं सुजत राहतं, झिजतं, त्या जागी आतड्याच्या धाटणीचं अस्तर येतं आणि पुढे कधीतरी त्यातून कॅन्सर उगवतो.

बोरूबहाद्दर:
‘आतड्यासारखा’ पटलं. पण दुसऱ्या, डिफ्यूज प्रकाराचं काय? शाळेच्या पुस्तकात डिफ्यूजन म्हणजे विसरण, तेव्हा ‘विसरित’ शुद्ध. वर्तमानपत्रात मात्र ‘पसरलेला’ वाचला होता.

स्लाइडवाली:
‘पसरलेला’ कृपा करून नको. ऐकणाऱ्याला वाटतं अंगभर गेला, संपलं. डिफ्यूज ही वाढायची रीत आहे, स्टेज नव्हे. निरोगी पेशी एकमेकींना धरून असतात, ते काम ई-कॅडहेरिन या प्रथिनाचं. डिफ्यूज प्रकारात ही पकड बरेचदा सुटलेली असते, मग एकेक पेशी सुटी होऊन जठराच्या भिंतीत शिरते. काही घराण्यांत त्या प्रथिनाच्या जनुकातला, सीडीएच१ मधला, बिघाड पिढीजात येतो. १९९८ साली न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबांत तो पहिल्यांदा सापडला.

बोरूबहाद्दर:
मग ‘सुट्या पेशींचा’ म्हणू. मोकळ्या भाताची शितं आणि मुटका, असं काहीसं.

रानमेवा:
ट्यूमरला सुश्रुताचा ‘अर्बुद’ का नको? आधीच्या गाठीवर दुसरी उठली की त्याला तिथे ‘अध्यर्बुद’ असा वेगळा शब्द आहे. इतकी बारकाई असताना ‘गाठ’ म्हणणं दरिद्री वाटतं.

स्लाइडवाली:
लेखात वापरा, दवाखान्यात चालणार नाही. पण ‘गाठ’वर माझाही आक्षेप आहे, वेगळ्या कारणाने. सुट्या पेशींच्या प्रकारात बरेचदा गाठच नसते, भिंत नुसती जाड आणि ताठ होते. “गाठ कुठाय दाखवा” म्हणणाऱ्या नातेवाइकांना काय दाखवणार? इंग्रजीत अशा जठराला चामड्याची बाटली म्हणतात.

रानमेवा:
म्हणजे आपली पखाल!

स्लाइडवाली:
पखाल पाणी भरलं की फुगते हो. हे जठर दुर्बिणीतून हवा सोडली तरी फुगत नाही. वाळलेली पखाल म्हणा हवं तर.

बोरूबहाद्दर:
‘सिग्नेट रिंग सेल’ला ‘मुद्रिका पेशी’ मात्र चपखल. मोहोरेची अंगठी म्हणजेच मुद्रिका.

स्लाइडवाली:
आणि दिसतेही तशीच. पेशीत चिकट द्रवाचा थेंब साठतो, केंद्रक कडेला चेपलं जातं, खडा बसवल्यासारखं. याही सुट्या पेशींच्याच घरातल्या. हा प्रकार पोटातल्या अवयवांवरच्या पातळ आवरणावर जास्त उतरतो, बायकांत कधी अंडाशयावर. ‘आतड्यासारखा’ प्रकार रक्तातून यकृताकडे जास्त जातो. हा कल झाला, नियम नव्हे.

पाटीपेन्सिल:
मार्कर राहिला. आणि २+ म्हणजे दुप्पट वाईट का?

स्लाइडवाली:
नाही, नाही. मार्करला ‘खूण’ पुरे. फक्त कुठली ते सांगायचं. सीईए ही रक्तातली खूण, हर-टू ही बायोप्सीच्या तुकड्यातली. हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं, वाढीचे संदेश झेलणारं प्रथिन. रंग दिल्यावर पेशींच्या कडा किती तपकिरी होतात ते मी ० ते ३+ मध्ये लिहिते. ३+ म्हणजे खूण आहे. ०, १+ म्हणजे नाही. २+ म्हणजे माझं ठरत नाही, पुढची चाचणी करा. ही खूण आतड्यासारख्या प्रकारात जास्त सापडते. सापडली तर ट्रास्टुझुमॅब हे औषध केमोबरोबर देता येतं, म्हणजे इथलं ‘पॉझिटिव्ह’ ऐकून हबकू नका. मी तर ‘खूण सापडली’, ‘नाही सापडली’ असंच सांगते.

रानमेवा:
पण खूण म्हटलं की ती कॅन्सरचीच वाटते.

स्लाइडवाली:
बरोबर पकडलंत. क्लॉडिन १८.२ निरोगी जठरातही असतं, पेशींच्या सांध्यात दडलेलं. कॅन्सरमध्ये घडी विस्कटते आणि ते उघडं पडतं. त्यावरचं झोल्बेटुक्सिमॅब हे औषध २०२४ साली जपानमध्ये आणि अमेरिकेत मंजूर झालं.

बोरूबहाद्दर:
क्लॉडिन लॅटिन क्लाउदेरेवरून, म्हणजे बंद करणे. कडी निखळली म्हणायची! बरं, रिपोर्टमधल्या एमएसआयचं, म्हणजे ‘मायक्रोसॅटेलाइट इन्स्टॅबिलिटी’चं, ‘सूक्ष्मउपग्रह अस्थिरता’ असं भाषांतर परवा वाचलं. इस्रोचं काहीतरी असेल असं वाटलं.

स्लाइडवाली:
अरे देवा. डीएनएत तीच तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येणारे छोटे पट्टे असतात. पेशी दुभंगताना त्यांची नक्कल चुकते आणि चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बंद पडलेली असते.

बोरूबहाद्दर:
मुद्रितशोधक रजेवर!

स्लाइडवाली:
अगदी. २०१४ साली अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम ॲटलास प्रकल्पाने जठराच्या २९५ ट्यूमरचे चार गट केले, त्यातला हा एक. एप्स्टाइन-बार विषाणूचा दुसरा. रजेवरच्या गटाला इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारे उपचार, बरी लागू पडते.

पाटीपेन्सिल:
मावशीला सांगितलं, “जठराचाच आहे, आतड्यासारखा वाढणारा, आणि औषधाची खूण आहे की नाही ते अजून ठरायचंय.” ती म्हणाली, “मग ठरवा की लवकर.” डॉक्टरांनी फिश टेस्ट लिहून दिलीय. काकांनी विचारलं, त्यासाठी मासे खावे लागतात का?

स्लाइडवाली:
काकांना नमस्कार सांगा. माशांचा संबंध नाही, लांबलचक नावाची आद्याक्षरं आहेत. अंधाऱ्या खोलीत बसून पेशींतले चमकणारे ठिपके मोजतात. आमच्याकडे हर-टूच्या जनुकाचे लाल, ते जनुक ज्या गुणसूत्रावर असतं त्याचे हिरवे. लाल हिरव्यांच्या दुप्पट किंवा जास्त निघाले, की खूण आहे असं लिहितात.