इंदूरजवळ उघड्यावर ब्लूग्रासची बैठक: जागा कुठली, माइक किती?

मल्हारगंज_मँडोलिन
नमस्कार मंडळी. ब्लूग्रास (अमेरिकेतलं तारवाद्यांवरचं लोकसंगीत) वाजवायचंय. गिटार, मँडोलिन, फिडल (व्हायोलिन), उभा बेस आणि पाच तारांचा बँजो (मिरवणुकीतला कळांचा नव्हे) असा संच आहे. ऐकणारे चाळीसेक. डिसेंबरात एखाद्या रविवारी दुपारी पातालपाणीला धबधब्यासमोर बसायचा विचार आहे. माइक पाच लावावे की एकच पुरेल?

महूकर
धबधब्यासमोर नकोच. पाण्याच्या आवाजात खर्जापासून टिपेपर्यंत सगळंच असतं, त्यात मँडोलिनचे बारकावे आधी बुडतात. आवाज वाढवला की माइक पाणीही तेवढंच वाढवून देतो. डिसेंबरात धार बारीक होते खरी, पण दरीच्या कडेला वारा लागतो आणि एवढी माणसं तिथे बसवणं धोक्याचं.

चोरल धरणाच्या बाजूला बघा, पाणी दिसतं पण गर्जत नाही. वादकांच्या पाठीशी भिंत मिळाली तर उत्तम, आवाज पुढे फेकला जातो. कुणी सिरपूर तलाव सुचवेल, पण तो 2022 पासून रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची जागतिक यादी) आहे आणि हिवाळ्यात तिथे पाहुणे पक्षी असतात. स्पीकर लावणार असाल तर प्रशासनाची लेखी परवानगी आधी काढा. रात्री 10 ते सकाळी 6 बंदच.

तारवाला
एकच माइक. 1945 च्या डिसेंबरात बँजोवादक अर्ल स्क्रग्ज हे मँडोलिनवादक बिल मनरोच्या ब्लू ग्रास बॉइज या ताफ्यात आले, त्या काळी सगळा ताफा एका माइकभोवतीच वाजवायचा. समोरून ऐकणारा, मोठ्या पडद्याचा कंडेन्सर (वीज लागणारा, बारीक आवाजही टिपणारा माइक) घ्या. उंची गाणाऱ्याच्या हनुवटीइतकी, बाकीचे दोन-अडीच फुटांवर अर्धवर्तुळात. बँजो सगळ्यांत मोठा बोलतो, तो एक पाऊल मागे. बेस त्याच्याही मागे. ज्याची पाळी त्याने फूटभर अंतरापर्यंत पुढे यायचं आणि संपताच बाजूने निघायचं. अंतर निम्मं केलं की आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो, म्हणजे मिक्सिंग पायांनीच होतं. गिटारचा तुकडा सगळ्यांत दबका, त्याला अगदी जवळ येऊ द्या. कोण कुठून निघणार हे आधी ठरवलं नाही, तर बेसचा दांडा कुणाच्या तरी कपाळात.

स्पीकर माइकच्या पुढे दोन मीटर, तोंड श्रोत्यांकडे. वादकांसाठी वेगळा मॉनिटर (त्यांच्याकडे तोंड केलेला स्पीकर) ठेवलात की त्याचा आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी वाजलीच समजा. माइकला फोमची टोपी घाला आणि 80 हर्ट्झखालचं कापा, वाऱ्याची घरघर बरीच जाते.

मल्हारगंज_मँडोलिन
ब्लूटूथचा चार्जिंग स्पीकर आहे. माइक थेट त्यालाच जोडला तर?

तारवाला
बहुतेक मुकाच राहील. कंडेन्सरला 48 व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकच्या वायरीतूनच जाणारी वीज) लागतो, तो अशा स्पीकरमध्ये सहसा नसतो. मधे छोटा मिक्सर टाका, तो बॅटरीवर चालवा. जनरेटर आणलात तर धबधबा बरा म्हणायची वेळ येईल.

फिडल_राजवाडा
सूर जागेवरच लावा, तेही वाद्यं पेटीबाहेर काढून पंधरा-वीस मिनिटं सावलीत ठेवल्यावर. उन्हात स्टीलची तार सैल होऊन सूर उतरतो, चार-साडेचारनंतर गारवा आला की चढतो. त्यामुळे दर दोन गाण्यांमागे ट्यूनर हातात घ्यावाच लागेल. बँजोचं पूड ढिलं वाटलं तर ते ताणून धरणारे हुक समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एका बाजूनेच आवळलं तर पूड तिरकं ताणलं जातं. नंतर घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) तपासा: बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) आणि दाबलेला सूर जुळले पाहिजेत.

दुसऱ्या पडद्यावर कॅपो (तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून ए सुरात वाजवणार असाल तर पाचवी, आखूड तार विसरू नका. कॅपो तिच्यापर्यंत पोचत नाही. सातव्या पडद्याला खिळा असेल तर तार त्याखाली अडकवा, नसेल तर खुंटीने जी वरून ए वर चढवा. जुनी तार इथेच तुटते, जादा जोड सोबत असू द्या.

आणि वाद्यं बंद गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हात डिकी फार तापली तर सांध्यांचा सरस मऊ होऊ शकतो.